पत्र्यावर वाळत घातलेल्या तबकड्या

माझी नात सुट्टीला आली की एकच धोशा लावती. "आज्जा, सध्या घरात कुठल्या रेकॉर्डी ऐकताय ते सांगा की. मी फोटू काढून टाकते." कुठं टाकती ते मला कळत न्हाई, पण टाकती. तिच्या वयाची पोरं म्हणं हल्ली एकमेकाला विचारत्यात, तुझ्या घरी काय वाजतंय, माझ्या घरी हे वाजतंय. तबकड्यांची फ्याशन परत आलीया. ऐकून बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं कायतरी फ्याशनात आलं. तर लिही पोरी. माझ्याकडं तीन हायत. एक सनईची, ती सकाळी लावतो. एक भजनाची, तिच्यात बुवा अर्ध्यानंतर असा गचके खात गातो की बैलगाडीत बसून गातोय असं वाटतं. आन तिसरी एका पावण्याची. ती रोज लावत न्हाई. तिन्हीवर कागद न्हाई, नाव न्हाई, आन तिन्ही वाकड्या हायत. त्या कुणी वाकड्या केल्या ते आज सांगतो. मला स्वतःची सही धड येत न्हाई, तवा मी बोलतो आन ही लिहिती. लिहिण्यात चूक दिसली तर तिची, गाढवपणा दिसला तर माझा.

आमचं घर पेठेत, तालमीच्या मागल्या बोळात. म्होरं दोन खोल्या, मग सैपाकघर, मग परडं, आन परड्यात पत्र्याच्या छपराखाली चार म्हशी. वडील मी लहान असतानाच गेले. घर चालवायचा माझा थोरला भाऊ, अण्णा. तो इंजिनं करायच्या कारखान्यात लेथवर हुता. मला दुसरीतनं काढलेला. मास्तरांनी आईला बोलावून सांगितलं, "बाई, ह्येला म्हशीकडं घाला, म्हशींचं तरी भलं हुईल." म्हशींचंबी झालं न्हाई. पण धार मी बरी काढायचो. संध्याकाळी धारंच्या वेळंला लोक यायची, कट्ट्यावर बसायची. म्हशीखालनं सरळ पेल्यात धार, फेस वर आलेला, त्यो तसाच ऊन ऊन प्यायचा आन मिशी पुसून जायचं. त्या वेळंचा आवाज अजून कानात हाय. पेल्यात धार पडतानाचा सुर्र सुर्र, तालमीत दंड थोपटल्याचा, सैपाकघरात आईचं भाकरी थापटणं, आन ह्या सगळ्यावर अण्णाचा फोनू.

फोनू म्हंजे किल्लीची पेटी, वर पितळी कर्णा. अण्णानं ती मोडकी घेतलेली. आतली स्प्रिंग तुटलेली, एक चाक झिजलेलं. त्येनं ते चाक कारखान्यात सुट्टीच्या वेळी लेथवर नवं पाडलं. पहिल्यांदा किल्ली दिली तवा बाईचा आवाज पुरुषासारखा आला, दुसऱ्यांदा चिमणीसारखा. तिसऱ्यांदा जमलं. तबकड्यांना आम्ही प्लेटी म्हणायचो. आठ प्लेटी हुत्या. मला वाचता येत न्हाई, तवा मी मधल्या कागदाच्या रंगावरनं वळखायचो. पिवळ्या कागदाची सनई, हिरव्याची भजनं, लाल कागदाचा पोवाडा. निळ्या कागदाची एक लावणी हुती, ती अण्णा आईपासनं लपवून सगळ्यात तळाला ठेवायचा. आई जात्यावर बसली की तीच लावणी गुणगुणायची, आन अण्णा लाजून भाईर जायचा. चंद्री नावाची आमची एक म्हस सनईशिवाय पान्हा सोडत नसं. लोकास्नी खोटं वाटायचं. एकानं पैज लावली, फोनू बंद ठेवून बघितला. चंद्री मागं वळून बघत ऱ्हायली आन मग माझ्या मांडीवर लाथ घातली. पैज अण्णानं जिंकली, मांडी माझी काळीनिळी झाली.

वैनी गडमुडशिंगीची. चौथी पास. आमच्या घरात वाचता येणारं ते पहिलं माणूस. लगीन होऊन आली, चार दिवसांनी तिनं प्लेटींवरची नावं मोठ्यानं वाचून दाखवली, आन मी आईला म्हटलं, "आई, हिला सगळं कळतं, आता माझं कसं व्हायचं?" वैनी मला भावजी म्हणायची, अहो-जाहो करायची. मला आयुष्यात अहो म्हणणारी ती पहिलीच. पहिले आठ दिवस ती कुणाला हाक मारती म्हणून मी मागं वळून बघायचो.

पावण्याची प्लेट म्हंजे गाणं न्हवं, नक्कल. एक पावणा, एक घरधनी आन त्येची बायको. पहिल्या बाजूला पावणा येतो, घटकाभर टेकतो म्हणतो आन चार दिवस ऱ्हातो. दुसऱ्या बाजूला तो निघतो. "येतो बरं का," म्हणून जातो, परत येतो, छत्री ऱ्हायली. परत "येतो बरं का", परत येतो, पानाची चंची ऱ्हायली. मग जोडा. शेवटाला घरधनी धाडदिशी दार लावतो, कडी घालतो, अडसर सारतो, आन उसासा टाकून म्हणतो, "गेला बाबा एकदाचा!" मग जरा वेळ कायच न्हाई, नुसती खरखर. आन मग घराच्या आतनं, पार चुलीपासनं, पावण्याचा आवाज येतो, "आवो, दार कशापायी लावताय? मी आतच हाय की!"

एवढंच. शंभरदा ऐकलेलं. पण अण्णा दर खेपंला त्या अडसराच्या आवाजालाच हसायला लागायचा, शेवटचं वाक्य यायच्या आधीच. त्येचं हसणं इंजिन चालू केल्यागत हुतं. आधी भक, भक, जरा थांबून भक, आन मग एकदम धरायचं आन घर हलायचं. वैनी आतनं म्हणायची, "झालं, इंजिन धरलं." आन पदर तोंडाला लावून स्वतः हसत बसायची. शेवटचं वाक्य त्या दोघांच्या हसण्यात आम्हाला कधी धड ऐकू आलं न्हाई. ते माहीत हुतं म्हणून ऐकल्यागत वाटायचं. मी पेठेत पुढं जो काय विदूषकपणा केला, लग्नात, जत्रंत, गणपतीत, त्यो सगळा ह्या प्लेटीवरनं उचललेला. त्या पावण्याचा आवाज मी काढायचो. अण्णा म्हणायचा, "शिरप्या, तुझ्यापेक्षा चंद्री बरा काढंल."

मग अण्णाला ताप आला. मुदतीचा ताप. डॉक्टर म्हणला, एकवीस दिवस काढले तर माणूस हाताला लागला. घरात आवाज करायचा न्हाई, जेवायला नुसती पेज. कट्ट्यावरची लोकं पायताणं काढून दूध पिऊन जायची, कुणी खोकत नसं. तालमीतल्या पोरांनी शड्डू ठोकायचं बंद केलं. वैनी उशाशी बसून मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलायची. एकदा ताप जरा उतरला तवा अण्णा डोळं उघडून मला म्हणला, "शिरप्या, अंगात जरा तरतरी आली की पावण्याला बोलवूया." मी म्हटलं, "त्यो कुठं गेलाय? तीनदा परत आलाय." त्येनं ओठ हलवले. इंजिन धरलं न्हाई. एकोणिसाव्या दिवशी, सकाळच्या धारंच्या वेळंला, अण्णा गेला. मी चंद्रीखाली बसलेलो हुतो. आईची हाक आली आन माझ्या हातनं बादली सुटली. मला आजबी सगळ्यात आधी ते सांडलेलं दूध आठवतं, आन त्येची लाज वाटती. माणूस गेल्यावर दूध कसलं आठवायचं?

शाहूवाडीकडनं आत्ती आली. वडलांची थोरली बहीण. भातशेतीतलं माणूस, आवाज डोंगराला ऐकू जाईल असा. तिनं घर हातात घेतलं. फोनूवर पांढरं धडपं गुंडाळलं, कर्णा उतरून माळ्यावर टाकला. चूल पेटवायची न्हाई म्हणून बोळातली माणसं भाकरी आन फोडणी न दिलेलं पिठलं घिऊन यायची. कडू घास म्हणत्यात त्येला. आत्ती सगळ्यांच्या तोंडात घास घालायची. वैनीच्या तोंडात घातला की ती गिळायची न्हाई, गालात धरून बसायची, आन मागनं परड्यात जाऊन टाकायची.

आन ती रडली न्हाई. हीच सगळ्यात मोठी काळजी. अण्णाला उचलला तवा न्हाई, दहाव्याला घाटावर कावळा शिवला तवा न्हाई. बोळातल्या बायका गळ्यात पडून रडायच्या, "अगं रड की गं, मोकळी हो!" वैनी त्यांच्याच पाठीवरनं हात फिरवायची. आत्ती मला परड्यात घिऊन गेली आन म्हणली, "शिरप्या, आमच्याकडं एकीचं असंच झालं. रडली न्हाई. ते पाणी डोस्क्यात गेलं. आता ती दारात बसून खडं मोजती. ह्या पोरीला रडवायला पायजे."

"मी कसं रडवू? मला नुसतं हसवायला येतं."

"तेबी येत न्हाई तुला," आत्ती म्हणली.

वैनीचे वडील अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तिला माहेरी न्यायला येणार हुते. आई म्हणायची, अशी गेली तर परत यायची न्हाई. माहेराहून परत यायची न्हाई असं न्हवं, जगात परत यायची न्हाई, असं तिला म्हणायचं हुतं. बाराव्या दिवशी मी म्हशींला पेंड कालवत हुतो, तर वैनी मागं येऊन हुबी ऱ्हायली. एवढ्या दिवसात ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"भावजी, उद्या सुतक फिटलं की ती पावण्याची प्लेट लावाल का? त्यांचं ऐकायचं ऱ्हायलंय."

मी म्हटलं, "लावतो की." आन मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू, मी सगळी पेंड चंद्रीच्या म्होरं ओतली. म्हटलं, आता ह्या कामात कसूर करायची न्हाई. आन कसूर न करता मी जे केलं, ते आता ऐका.

तेराव्याला घरातलं सगळं धुवायचं असतं. आत्ती पहाटेपासनं हुबी हुती. मडकी फोडली, अंथरुणं नदीवर पाठवली, जमीन सारवली, भांडी राखेनं घासली, दाराच्या कडीलासुद्धा गोमूत्र लावलं. मला ओरडून म्हणली, "शिरप्या, त्येच्या हाताची एकूणएक जिन्नस धुवून काढ. धुतल्याबिगर कशालाबी हात लावायचा न्हाई!" मी विचार केला. अण्णाच्या हाताची सगळ्यात मोठी जिन्नस कुठली? प्लेटी. त्या धुतल्याबिगर लावल्या आन वैनीला कायतरी बाधलं तर? दुसरा कुणी असता तर ओल्या फडक्यानं पुसून ठेवल्या असत्या. पण मी मन लावून काम करणारा माणूस. राख खरबरीत म्हणून मी राख घेतली न्हाई, एवढी अक्कल मला हुती आन एवढीच हुती. बंबातलं कढत पाणी घमेल्यात काढलं, शिककाई टाकली, आन आठीच्या आठी प्लेटी एकेक करून अशा चोळल्या की माझं तोंड दिसायला लागलं. तेवढ्यात पाण्यावर कायतरी तरंगायला लागलं. लाल, पिवळं, हिरवं, निळं. मला वाटलं, रंग निघाला, मळ गेला. कागद हुते ते. मी ते गोळा करून उकिरड्यावर टाकले. मग प्लेटी वाळवायच्या म्हणून शिडी लावली आन म्हशींच्या पत्र्यावर ओळीनं मांडल्या. ऊन रणरणीत हुतं. मला भारी बरं वाटलं. खाली येऊन मी आईला म्हटलंसुद्धा, "माझं काम झालं."

जेवणं झाली, लोक गेली. कलत्या दुपारी वैनी म्हणली, "भावजी, लावताय न्हवं?" मी शिडी चढलो. पत्रा बघितला. पत्र्याच्या जशा नळ्या असत्यात, तशाच नळ्या प्लेटींवर उमटल्या हुत्या. आठीच्या आठी प्लेटी पत्र्यावर अंग टाकून झोपल्या हुत्या. एक उचलली तर ती लाटंसारखी वरखाली. मी तिथंच बसलो. खालनं वैनी शिडी चढून वर आली. तिनं बघितलं. एक प्लेट मांडीवर घेतली आन तिच्या नळ्यांवरनं एक बोट फिरवलं, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत.

आता इथं गप बसायचं असतं. कुठल्याबी माणसाला कळलं असतं. मी तोंड उघडलं आन म्हटलं, "वैनी, आता तळून खाऊया. कुरड्या झाल्यात."

ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. राग न्हवता. राग असता तर बरं झालं असतं. मी कोण हाय, आन इथं का बसलोय, हे तिला समजत नसावं, असं बघणं. मग ती प्लेट पत्र्यावर ठेवून खाली उतरली. पोरी, हे लिही. गाळू नको. मी आयुष्यात लई वाईट इनोद केले, लोकांनी खेटरं मारली, त्यातलं कायबी मला आठवत न्हाई. हे एक आठवतं.

आत्तीनं माझ्या थोबाडीत दिली, ते बरोबरच हुतं. पण मी अजून गप बसलो न्हाई. म्हटलं, वजन टाकलं की सरळ हुईल. एक प्लेट जमिनीवर ठेवून वर पाटा ठेवला. कट करून आवाज आला. लावणी असावी, का पोवाडा, कागदच न्हाई तर कुणाला सांगता? आठाच्या सात झाल्या. आई म्हणली, "तू आता हात मागं बांधून बस." मी खरंच बसलो. मग उठलो, एक वाकडी प्लेट धोतराच्या सोग्यात गुंडाळली आन अण्णाच्या कारखान्यात गेलो. तिथं अण्णाला लेथ शिकवलेले म्हातारे मिस्त्री हुते. दाढी पांढरी, एक डोळा लोखंडाचा कीस उडून गेलेला. अण्णा त्यास्नी उस्ताद म्हणायचा. त्यांनी प्लेट हातात घेतली, चांगल्या डोळ्यासमोर आडवी धरली.

"कुणी केलं?"

"मी."

"धुतली?"

"व्हय. शिककाईनं."

उस्तादांनी प्लेट उलटी करून बघितली. मग म्हणले, "आन फणी फिरवली न्हाईस व्हय?" मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लाखंचा माल हाय ह्यो, बेटा. उन्हानं मऊ झाला. परत उन्हानंच मऊ कर. दोन सपाट काचा घे. ह्यास्नी मधी घाल. भर दुपारी ठेव, सावली पडली की तशीच आत घे, थंड झाल्याबिगर काच उचलू नको. घाई केलीस तर माझ्याकडं येऊ नको."

दोन काचा. आमच्या घरात एवढ्या मोठ्या सपाट काचा दोनच हुत्या. एक देवाच्या तसबिरीची. आन दुसरी अण्णाच्या, तेराव्यालाच मोठा करून आणलेल्या फोटूची. मी घरी येऊन सांगितलं आन मान खाली घालून हुबा ऱ्हायलो. आई उठली. तिनं फोटूवरचा हार काढून खुंटीला अडकवला, फोटू पालथा घातला, मागचे खिळे सुरीनं एकेक करून उचकटले. काच काढून पदरानं पुसली आन माझ्या हातात दिली. "घे. त्येला घटकाभर उघडं बसू दे," म्हणली. "त्येला आता वारं लागत न्हाई." आन तोंड फिरवून भिंतीकडं बसली. देवाची काच काढताना तिनं हात जोडले. अण्णाची काढताना जोडले न्हवते.

रोज एक प्लेट. दुपारी बारा वाजता मी पत्र्यावर चढायचो, ह्या खेपंला खाली लाकडी फळी घातली हुती. काचंत प्लेट, आन त्या काचंजवळ मी. हात लावायचा न्हाई, नुसतं बघायचं. पाठ भाजून निघायची. काचंच्या आत प्लेट हळूहळू पसरायची, तूप वितळल्यागत. बोळातली पोरं खालनं ओरडायची, "शिरप्या, कुरड्या झाल्या का रं?" आत्तीनं सगळ्यांला सांगितलं हुतं. मी उत्तर देत नव्हतो. सात दिवस मी कुणाला उत्तर दिलं न्हाई, ही माझ्या नावावरची एकमेव तपश्चर्या. सातात चार वाया गेल्या. एकीला चीर हुती, एक काचंला चिकटली, दोन सरळ झाल्या पण आवाजच गेला. सनई आली, भजन आलं. पावण्याची प्लेट मी वळखून शेवटाला ठेवली हुती. तिच्या कडंचा टवका चंद्रीच्या शिंगानं उडालेला, तेवढीच एक खूण धुऊन गेली नव्हती. ती निघाली तवा अमावास्या हुती. उद्या वैनीचे वडील येणार.

संध्याकाळी धारंच्या आधी फोनू काढला. धडपं सोडलं, कर्णा चढवला. उस्ताद नवी सुई घिऊन आले हुते. आई आन आत्ती भिंतीला टेकून बसल्या. वैनी सैपाकघराच्या उंबऱ्यात, तिच्या नेहमीच्या जागंवर, गुडघे पोटाशी घिऊन. मी किल्ली दिली. पहिली बाजू लावलीच न्हाई, एकदम दुसरीच लावली. प्लेट कडंकडंला सरळ हुती, पण आत, शेवटाला, एक नळी काय केल्या गेली नव्हती. सुई त्या जागंला आली की वरखाली व्हायची आन पावणा प्यायल्यागत बोलायचा. माझ्या तोंडात इनोद आला. उस्तादांनी न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

पावणा गेला. छत्री घिऊन गेला, चंची घिऊन गेला, जोडा घिऊन गेला. धाडदिशी दार लागलं. कडी लागली. अडसर सरकला.

त्या अडसराच्या आवाजाला आम्ही सगळे एकदमच थांबलो. आमच्या कानाला सवय हुती ना. भक, भक, आता इंजिन धरणार. न्हाई धरलं. त्या प्लेटीवर त्या जागी एवढी शांतता हाय, हे आम्हाला कधी माहीतच नव्हतं. "गेला बाबा एकदाचा," घरधनी म्हणला. मग खरखर. आन मग सुई त्या नळीवर चढली, टक करून उडाली, आन पार मधे रिकाम्या जागंत जाऊन पडली. खर्र, खर्र, खर्र. शेवटचं वाक्य गेलं. मी धुवून टाकलं हुतं ते.

मी तोंड उघडलं. माफी मागणार हुतो का आणखी एक कुरडी तळणार हुतो, देवाला ठाऊक. पण त्येच्या आधी उंबऱ्यातनं आवाज आला. नक्कल न्हवती, हसू न्हवतं. घरातलं माणूस घरातल्या माणसाला सांगतं तसा साधा आवाज.

"आवो, दार कशापायी लावताय? मी आतच हाय की."

एवढं बोलून वैनीनं उंबऱ्यावर डोकं टेकवलं. आन मग ती रडली. आई उठायला गेली तर आत्तीनं तिचा पदर धरून खाली बसवलं. "हात लावू नका कुणी," आत्ती म्हणली. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज बारीक आला. उस्तादांनी उठून सुई उचलली, टोपी हातात घेतली आन पायताणं घालून गेले. वैनी धारंची वेळ टळून जाईपर्यंत रडत हुती. कट्ट्यावर लोक येऊन बसली, ऐकलं, आन रिकामे पेले ठेवून परत गेली. आता तुम्हाला वाटंल की चंद्रीनं त्या दिवशी पान्हा सोडला. न्हाई सोडला. लाथ घातली. म्हस ती म्हस.

रात्री वैनीनं अर्धी भाकरी खाल्ली, दुधात कुस्करून. दुसऱ्या दिवशी वडलांबरोबर गेली. दीड महिन्यानं आपली आपणच आली, डोक्यावर एक गाठोडं, आन म्हणली, "म्हशी कोण बघतंय? भावजी? मग झालंच." पुढं तिनंच दुधाचा सगळा धंदा उभा केला, माझं लगीन लावलं, माझ्या पोरांला वाचायला शिकवलं. मला शिकवायचा नाद चार वेळा केला आन चार वेळा सोडला. अण्णाची काच परत फोटूला बसवली तवा तिच्यावर एक फिकट गोल उमटलेला दिसला. पुसून जात न्हाई. आजबी अण्णाच्या छातीवर त्यो गोल हाय. नात म्हणती, काच बदलून आणू. मी म्हटलं, माझ्यामागं काय करायचं ते कर.

पत्र्यावरच्या त्या बोलण्याची मी वैनीची माफी मागायला तीस वर्षं घेतली. मागितली तवा ती भाजी निवडत हुती. म्हणली, "कुठल्या कुरड्या?" खरंच विसरली हुती का मला सोडून दिलं, ते मला कळलं न्हाई.

अण्णाच्या तिथीला आम्ही ती प्लेट लावायचो. सुई उडायची, आन वैनी उंबऱ्यातनं ते वाक्य म्हणायची. कधी भाजी चिरता चिरता, कधी नातवाला झोपवता झोपवता, म्हातारपणी खाटंवरनं. दर वर्षी. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. प्लेट मी लावतो अजून. नात म्हणती, "आज्जा, तुम्ही म्हणा की ते वाक्य, तुम्हाला त्या पावण्याचा आवाज येतो न्हवं?" येतो की. जगात मला एवढा एकच आवाज येतो. पण सुई तिथं आली की मी गप बसतो. दार लागतं, कडी लागती, अडसर सरकतो, आन मी उंबऱ्याकडं बघत बसतो.